आतली शिलाई

दारव्ह्याच्या कोर्टात वकिलाने
सीलबंद पिशवीतून ब्लाऊज काढला.
चिठ्ठीवर लिहिलं होतं :
लाल रंगाचा, फाटलेला, नग एक.
"पंचफुलाबाई, हा तुम्ही शिवलेला का?"

आदल्या रात्री चौघं ओट्यावर येऊन बसले होते.
चहा घेतला नाही कोणी.
"सुई-दोरा साऱ्या दुनियेत सारखाच असते, वयनी,
लाल कापड का एकाच बाईचं राहते?"
माझा दीर दाराशी उभा,
अंगठ्याने सारवणाचा पोपडा उकरत.

मी म्हटलं, साहेब, उलटा करा.
शिलाई वरून कोणाचीही वाटते.

उलटा केला.
काखेत दोन बोटं माया सोडलेली,
अंग भरलं तर उसवायला.
आणि डाव्या बाजूला
टिचबटणाचा खिसा.

तो तिनेच मागितला होता,
ओट्याखाली उभी राहून.
वर ये म्हणायची मला सवय नव्हती.
मी विचारलं, चोरखिसा पाहिजे का?
"चोर नको मनू, बाई.
आतला खिसा मन.
लेकराचा शाळेचा कागद ठेवाचा हाय."

त्याच आठवड्यात अजाबरावाच्या विहिरीवरची मोटर गेली.
रात्री पेटत्या पऱ्हाट्यांचे भारे
गावातून ई-क्लासच्या जमिनीकडे चालत गेले.
बेड्यावर बारा पालं.
पुरुष नाल्यातून निसटले,
बाया लेकरांपायी मागे राहिल्या.
मी दार लावलं
आणि मशीन चालवत बसले
कापडाशिवाय.
सुई वर-खाली, वर-खाली.
तेवढ्या आवाजात बाईला
बरंच काही ऐकू येत नाही,
ऐकायचं नसलं तर.

(मोटर आठ दिवसांनी सापडली.
अजाबरावाच्या पुतण्याने आर्णीला
वाइंडिंगला टाकली होती.
सांगायचं विसरला.)

"मापाची वही आणली?"
आणली होती.
दुर्गा मास्तरीण, चौतीस.
सरपंचाची वत्सला, छत्तीस, गळा खोल नको.
पान उलटलं, बोट ठेवलं :
बेड्यावरची, बत्तीस, बाही सहा.
"नाव काय तिचं?"
तीन वर्षं मी तिचं अंग
इंचाइंचाने मोजत आले होते.
म्हटलं, माहीत नाही.

साहेबांनी खिसा उघडायला लावला.
पंचनाम्यात खिसा नव्हताच.
टिचबटण लागलेलं होतं, घट्ट.
आत काही नव्हतं.

मी बाहेर आले तेव्हा
पट्टेवाल्याने दारातून पुकारा केला :
झुंबरी भोसले!
व्हरांड्याच्या कोपऱ्यातून ती उठली,
पदर दोन्ही खांद्यांवरून आवळलेला.
माझ्याजवळून गेली.
नाव मला तेव्हा कळलं,
पट्टेवाल्याच्या तोंडून, दोनदा.

गाव आता ब्लाऊज दिग्रसहून शिवून आणतं.
आणू दे.
कोर्टाने एक विचारलं नाही
आणि मीही सांगितलं नाही :

त्या पहाटे दिराने पांढरा शर्ट समोर टाकला.
तिसरं बटण मुळापासून ओढलेलं,
कापडासकट.
कुठे तुटलं, म्हटलं नाही मी.
सुईत लाल दोरा ओवलेला होता,
बदलला नाही.
चार टाके, मागून गाठ,
दाताने तोडला.

अजून घालतो तो, सणावाराला.
भाकर वाढताना
बरोबर तिथेच नजर जाते.
टाका माझाच आहे.
तो ओळखायला
उलटा करावा लागत नाही.